शून्याखालच्या पायऱ्या

युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात, एका शुक्रवारी दुपारी, अमरावतीच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला नागपूरच्या गणित-सभेकडून पत्र आले. तिने पाठवलेला निबंध सध्याच्या रूपात सभेपुढे वाचता येणार नाही, असे त्यात कळवले होते. खुलासा करायचा असल्यास तो पुढच्या बुधवारपर्यंत पोहोचावा, अशी खाली पुस्ती होती.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. ताई दुपारच्या गाडीने निघाली, बडनेऱ्याला गाडी बदलली आणि दिवेलागणीच्या आत अकोल्याला उतरली. मी तेव्हा अकोल्याच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. स्टेशनवर घ्यायला गेलो. तिने बोलण्याआधी पत्र हातात दिले.

"वाच. इंग्रजी साधं हाय."

इंग्रजी साधे होते. मजकूर कळला नाही.

निबंधाचा विषय असा होता. अणूच्या आतल्या हालचालींसाठी जे नवे शास्त्र मागच्या पंधरा वर्षांत तयार झाले, त्यात एखादा कण अमुक जागी आहे असे म्हणत नाहीत. एक फलन, म्हणजे प्रत्येक जागेला एक आकडा देणारे सूत्र, लिहितात. त्याच्या मापाचा वर्ग केला की कण कुठे सापडण्याची शक्यता किती, ते कळते. जागा, वेग, ऊर्जा या तिथे त्या फलनावर करायच्या क्रिया असतात, आणि प्रत्येक क्रियेतून कोणकोणती मूल्ये निघू शकतात याची यादी असते. युद्धाच्या आठ-दहा वर्षे आधी अमेरिकेतल्या एका गणितज्ञाने चारेक पानांत दाखवून दिले की लोलक, चेंडू, ग्रह यांचे जुने यंत्रशास्त्रही याच पद्धतीने लिहिता येते. इथे जागा आणि वेग दोन्ही एकाच वेळी नक्की सांगता येतात. आधी काय मोजले याने काही बिघडत नाही. बाकी हत्यारे तीच.

ताईने ही पद्धत साध्या लोलकावर पूर्ण करून पाहायची ठरवली. तिला त्यासाठी चार वर्षे लागली. शाळा सुटल्यावरचा वेळ, रविवार आणि उन्हाळ्याची सुट्टी, एवढाच वेळ तिच्याकडे होता. अमरावतीच्या कॉलेजातल्या गणिताच्या प्राध्यापकांनी आपल्या नावावर तिला ग्रंथालयातली पुस्तके मिळवून दिली होती. नव्या शास्त्रावरचे पुस्तक तिथे एकच होते. नागपूरच्या सभेचा नियम असा होता की सभासद नसलेल्याचा निबंध सभासदाच्या सहीनेच घेतला जाई. अमरावतीत असे सभासद ते एकटे. मार्चअखेर ते निवृत्त होऊन वरूडकडे आपल्या संत्र्याच्या बागेवर राहायला जाणार होते आणि सभासदत्व सोडणार होते. यंदा निबंध वाचला गेला नाही तर पुढे तो कोणाच्या सहीने जाणार, याला उत्तर नव्हते. ताईने तसे बोलून दाखवले नाही. मला ते प्राध्यापकांकडून कळले.

दिवाळीत निबंध रवाना झाला तेव्हा मी त्याची चार ओळींची बातमी करून संपादकांपुढे ठेवली होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"लोलक आजवर कसा हलत होता?"

"हलतो तसाच."

"आणि तुमच्या भगिनींच्या गणितानं कसा हलतो?"

"तसाच."

"मग मथळा काय देऊ? 'अकोल्याच्या कन्येनं काहीही बदललं नाही'?"

बातमी छापली गेली नाही. ताईला सांगितले तेव्हा ती हसली. "बरोबरच हाय त्यायचं. पन त्यायले म्हना, तसाच हालते हे दाखवालेच चार वर्सं लागली. वेगळा हालला असता तं मायं गनित चुकलं असतं."

आता नागपूरच्या पत्राने म्हटले होते की गणित चुकले आहे.

आमचे घर अकोल्याच्या बाहेर मळ्यातच होते. वडील भाजीपाला पिकवत. जेवणे झाल्यावर ताईने कंदील जवळ ओढला. मी कचेरीतून मुद्रितांचे वाया गेलेले कागद आणून ठेवले होते. त्यांच्या कोऱ्या पाठीवर ती आकडेमोड करत असे. युद्धामुळे कागद महाग झाला होता. तिने एका कागदावर वर्तुळ काढले आणि आक्षेप मला समजावून सांगितला. बातमीदाराला कळला तर कोणालाही कळेल, असे ती म्हणे.

लोलकाची जागा आडव्या रेषेवर आणि वेग उभ्या रेषेवर मांडला, मापे सोयीची घेतली, तर लोलक हलताना कागदावरचा ठिपका वर्तुळात फिरतो. ठिपका नेमका कुठे हे माहीत नसेल तर वर्तुळाभोवती शक्यता पसरलेली असते, कुठे दाट, कुठे विरळ. ही पसरण दाखवणारे फलन साध्या तुकड्यांची बेरीज करून लिहिता येते. प्रत्येक तुकड्याला एक आकडा असतो: शून्य, एक, दोन, तीन, आणि खालच्या बाजूला उणे एक, उणे दोन, उणे तीन. शिडीसारखे. वर अंत नाही, खाली अंत नाही.

ताईने शून्याखालच्या पायऱ्या गाळल्या होत्या. कॉलेजातल्या त्या एका पुस्तकात अणूच्या लोलकाची शिडी दिली होती, तिला तळ होता. सगळ्यात खालची पायरी, तिच्याखाली काही नाही. त्या पायऱ्या म्हणजे ऊर्जा. तिनेही आपल्या शिडीला ऊर्जाच म्हटले आणि शून्याखालचा भाग निरर्थक म्हणून खोडला.

नागपूरच्या परीक्षकाने दोन गोष्टी विचारल्या होत्या. फक्त वरच्या पायऱ्या ठेवल्या तर लोलक निश्चितपणे डाव्या बाजूला आहे, एवढे साधे विधानसुद्धा लिहिता येत नाही. कसेही जुळवले तरी उजव्या बाजूला शक्यता थोडी उरतेच. आणि जे शास्त्र लोलक डावीकडे आहे असे म्हणू शकत नाही, ते जुने यंत्रशास्त्र कसे? खालच्या पायऱ्या ठेवल्या, तर टांगलेल्या लोलकाची ऊर्जा शून्याहून कमी होते म्हणजे काय, हे लेखिकेने सांगावे.

"म्हंजे दोनीकडून अडकली तू," मी म्हटले.

"पयलं त्याचं खरं हाय. मी तपासलं. गाळता येत नायी." तिने पेन्सिल खाली ठेवली. "दुसरं अजून सुटलं नायी."

वडील ओसरीवरून ऐकत होते. "काय म्हन्ते तो मानूस?"

"शून्याच्या खाली काय असते, सांगा म्हन्ते, बाबा."

"आपल्या इथी तं विहीर हाय," वडील म्हणाले आणि झोपायला गेले.

रविवारी सकाळी लसणाच्या वाफ्यांना पाणी द्यायचे होते. आमच्या विहिरीवर मोट होती. बैलजोडी धावेवरून, म्हणजे विहिरीपासून खाली जाणाऱ्या उतारावरून, पुढे चालली की दोराने पाण्याने भरलेली कातड्याची मोट वर येई आणि थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी बांधलेल्या कुंडात, रिकामी होई. मग बैलांनी तोंड न फिरवता उलट्या पावलांनी उतार चढायचा, तेव्हा मोट पुन्हा पाण्यात जाई. लहानपणी मोटा मोजण्याचे काम आम्हा दोघांकडे होते. मोट रिकामी झाली की एक चिंचोका उजव्या हातातून डाव्या हातात घ्यायचा. बैल मागे येत ते कधी मोजले जात नसे.

जोडीतला उजवा बैल नवा होता. वडिलांनी तो त्याच महिन्यात मूर्तिजापूरच्या बाजारातून आणला होता. तो नांगराचा होता, मोटेचा नव्हता. खाली उतरत होता, मागे सरत नव्हता. दुसरा बैल मागे ढकलू लागला की जू वाकडे होई आणि मोट थारोळ्यावर लोंबकळत राही.

"उतराले पाह्य कसा राजावानी उतरते," वडील म्हणाले. "अन् मांगं सर म्हनलं का पाय रोवून उभा. हूं! सर! सर ना बापा!"

"सोडून वर घेऊन या," मी म्हटले.

"दर मोटीले सोडू काय? मंग संध्याकाळलोक दोन वाफे होतीन. तू पेपरवाला हायेस, तुले काय समजते."

ताई विहिरीच्या कठड्यावर बसली होती. कागद उडू नयेत म्हणून त्यांवर खुरपे ठेवले होते. वडिलांनी बैलाच्या छातीवर हात टेकून त्याला मागे रेटले. तो चार पावले सरला आणि थांबला.

"काहून व," वडिलांनी धापा टाकत तिला विचारले, "तुहा कागद तरी चालते का मांगं?"

"नायी चालत. तेच तं लिवून आलं नागपूरहून."

"मंग त्यालेबी शिकवा लागन."

थोड्या वेळाने तिने विचारले, "बाबा, मांगं येतानी बैलाचं बळ कमी पडते काय?"

"बळ काहून कमी पडीन? बळ तेवढंच. तोंड एकीकडे अन् चाल दुसरीकडे, त्याचं भेव वाटते त्याले."

ही वाक्ये मी त्याच दिवशी टिपून ठेवली. वही माझ्याकडे आहे. पुढे वडील आयुष्यभर सांगत राहिले की नागपूरच्या माणसाला उत्तर त्यांच्या बैलाने दिले. ताईने हे कधी मान्य केले नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे उत्तर तिला त्याच दिवशी दुपारी बडनेऱ्याच्या फलाटावर सापडले.

फलाटावर मी बरोबर होतो. सोमवारी अमरावतीच्या नगरपालिकेची बैठक होती आणि तिचे वृत्त घ्यायला मला जायचेच होते. अमरावतीच्या गाडीला वेळ होता. ताई आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसून लिहीत होती. तिने आधी शिडीच्या खालच्या पायऱ्या पुन्हा काढल्या. मग सगळ्या शिडीच्या शेजारी लिहिलेला 'ऊर्जा' हा शब्द खोडला. ती जागा तिने कोरी ठेवली.

"नाव चुकलं होतं," ती म्हणाली. "पायऱ्या बरोबर होत्या."

तिचे म्हणणे असे होते. शिडीवरचा आकडा लोलकाची ऊर्जा सांगतच नाही. फलनाचा प्रत्येक तुकडा घड्याळाच्या काट्यासारखा मनात धरला, तर तो काटा किती वेगाने आणि कोणत्या बाजूने फिरतो, एवढेच तो आकडा सांगतो. उणे म्हणजे काटा उलट्या बाजूने फिरतो. ऊर्जा ही निराळी क्रिया आहे. वर्तुळ मोठे की लहान यावरून ती ठरते, वर्तुळभर सारखी राहते आणि शून्याखाली कधी जात नाही. अणूच्या शास्त्रात काटा फिरवणारी क्रिया आणि ऊर्जा एकच असते. जुने यंत्रशास्त्र त्याच पद्धतीने लिहिले की त्या दोन होतात. पुस्तकाच्या सवयीने तिने दोन्ही एक धरल्या होत्या.

"पुस्तकाची सवय का चिंचोक्याची?" मी विचारले.

तिने वर पाहिले. "गप बस. खालच्या नायी मोजल्या, हे खरं हाय."

बैलाची गोष्ट सकाळची, फलाटाची दुपारची. तो कागद शनिवारी मी दिलेल्या मुद्रितांपैकी आहे. त्याच्या छापील बाजूला सरकीच्या ढेपेची जाहिरात आहे. पण पहिली खूण त्यावर कुठे झाली, विहिरीवर की बडनेऱ्याला, हे कागदावरून सांगता येत नाही.

सोमवारी सकाळी शाळेच्या वेळेआधी आम्ही प्राध्यापकांच्या घरी गेलो. ते अंगणात उन्हात बसले होते. ताईने रात्री लिहिलेल्या खुलाशाची चारही पाने त्यांनी दोनदा वाचली. ताई उभीच राहिली.

"बसा ना, बाई."

"उभी बरी आहे, सर."

"ही शिडी खाली कुठे थांबते?"

"थांबत नाही."

"आणि तुम्हाला त्याची काळजी वाटत नाही?"

"शुक्रवारी वाटत होती. ती ऊर्जा असती तर आजही वाटली असती."

त्यांनी पाने गुडघ्यावर ठेवली. त्यांनी दुसरा मार्ग सुचवला. निबंधाचा पहिला भाग पद्धतीची ओळख करून देणारा होता, त्यावर कोणाचाच आक्षेप नव्हता. लोलकाचा भाग मागे घेतो असे कळवले तर निबंध यादीत राहील, हे नक्की. खुलासा पाठवला आणि परीक्षकाला पटला नाही, तर संपूर्ण निबंध वगळला जाईल.

"मी मार्चनंतर इथे नसेन, हे तुम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पहिला भाग वाचला गेला तरी नाव लागेल. सुरक्षित आहे ते."

"पहिला भाग माझा नाही, सर. तो त्या अमेरिकन गृहस्थांचा आहे. मी फक्त शाळेतल्या मुलीलाही समजेल असा लिहिला."

"लोलक तुमचा."

"हो."

"परीक्षक हट्टी आहेत, सांगून ठेवतो. मी त्यांच्याबरोबर शिकलो आहे."

"त्यांचा पहिला आक्षेप बरोबर होता. तसं मी पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. दुसरा बरोबर नाही. तेही लिहिलं आहे."

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. "घरी पण अशाच बोलतात का?"

"घरी वऱ्हाडीत बोलते," मी म्हटले. "ते आणखी लागते."

ते हसले आणि दौत मागवली. सही केल्यावर त्यांनी पाने लगेच परत दिली नाहीत. तिसऱ्या पानावर एका जागी बोट ठेवून विचारले, "लोलक निश्चितपणे डावीकडे आहे, हे आता लिहून दाखवता येईल?" ताईने वाकून त्यांच्याच पेनने कागदाच्या कडेला दोन ओळी लिहिल्या. वरच्या आणि खालच्या पायऱ्या जोडीने घेतल्या की वर्तुळाचा उजवा अर्धा भाग पूर्ण रिकामा होतो, असे त्या दोन ओळींत होते. प्राध्यापकांनी ते तपासले आणि मान हलवली.

खुलासा सोमवारी दुपारी अमरावतीच्या मोठ्या पोस्टातून रजिस्टरने गेला. मी पाकीट खिडकीत दिले आणि पावती घेऊन शाळेत पोहोचवली. शिपायाने ती वर्गात नेऊन दिली. ताई त्या वेळी मुलींना त्रैराशिक शिकवत होती.

त्यानंतरच्या दहा दिवसांत नागपूरहून काही आले नाही. पुढच्या रविवारी ती अकोल्याला आली तेव्हा पत्राबद्दल कोणी विचारले नाही. वडील तेवढे म्हणाले, "सरते आता. सा पावलं." बैलाबद्दल बोलत होते. ताईने दिवसभर वर्गाच्या वह्या तपासल्या आणि संध्याकाळी निबंधाची वाचायची प्रत स्वच्छ लिहायला घेतली. यादीत असेल की नाही हे कळण्याआधी प्रत कशाला, असे मी विचारले.

"यादी त्यायच्या हाती हाय. प्रत माह्या हाती."

अकराव्या दिवशी कार्ड आले. निबंध सभेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्रात, तिसऱ्या क्रमांकावर. वेळ बारा मिनिटे. खुलाशाबद्दल कार्डात एक शब्दही नव्हता.

नागपूरला मी तिच्याबरोबर गेलो. प्राध्यापक आदल्या दिवशीच पोहोचले होते आणि मागच्या बाकावर बसले होते. सत्राला पंचवीस-तीस माणसे होती. बाई ती एकटीच. तिने निबंध अकरा मिनिटांत वाचला. अध्यक्षांनी कोणाला काही विचारायचे आहे का, असे म्हटल्यावर पहिल्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. पत्रावरची सही त्यांची होती. प्रश्नोत्तरे इंग्रजीत झाली. मी ती तिथेच उतरवून घेतली.

"तुमच्या पहिल्या प्रतीत शिडीला तळ होता," ते म्हणाले.

"हो. ती माझी चूक होती."

"कशामुळे झाली?"

"माझ्याकडे पुस्तक एकच होते, आणि त्यात तळ होता."

दोघे-तिघे हसले. ते गृहस्थ हसले नाहीत. "फळ्यावर दाखवा. लोलक डावीकडे आहे. निश्चित."

ताईने वर्तुळ काढले, डावा अर्धा भाग खडूने भरला आणि त्याची बेरीज लिहायला सुरुवात केली. शून्य, मग एक आणि उणे एक, मग तीन आणि उणे तीन. चौथी जोडी लिहीत असताना अध्यक्षांनी वेळेची घंटा वाजवली. तिने जोडी पूर्ण केली. मग तळहाताने शून्याखालची सगळी पदे पुसली आणि उरलेली बेरीज वर्तुळाच्या उजव्या अर्ध्या भागात किती भरते, ते तीन ठिकाणी खडूने दाखवले. कुठेही ती शून्य नव्हती. मग पुसलेली पदे पुन्हा लिहिली.

"आणि ऊर्जा?" त्यांनी विचारले.

तिने वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंत एक रेषा ओढली. "ही. हिचा वर्ग. शिडीशी तिचा संबंध नाही."

अध्यक्षांनी दुसऱ्यांदा घंटा वाजवली. गृहस्थ अध्यक्षांकडे वळून म्हणाले की त्यांचा आक्षेप उरलेला नाही, तशी नोंद व्हावी. ते खाली बसले. चौथ्या निबंधाचे नाव पुकारले गेले.

मार्चअखेर प्राध्यापक निवृत्त होऊन वरूडला गेले. सभेचा छापील अहवाल उन्हाळ्याच्या सुट्टीत टपालाने अमरावतीला आला. ताईच्या निबंधाचा सारांश त्यात नऊ ओळींचा आहे. लोलकाचा भाग त्यात आहे. सहाव्या ओळीत असे छापले आहे की शून्याखालची मूल्ये गाळता येत नाहीत.